चार कथ्थई धोतरं

धुळे,
१२ सप्टेंबर २०२५

चि. सौ. सारिका हिस कादरचाचाचे आणि तुझ्या खातूनचाचीचे भरभरून आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. नवा पोस्टमन गल्लीत दोनदा येऊन परत गेला म्हणे, त्याला दुकानच सापडेना. पोस्टमन म्हणून तुझे आबा असते तर पाकीट हातात द्यायच्या आधी आत काय लिहिलंय तेही सांगून मोकळे झाले असते. तू फोनऐवजी पत्र लिहितेस हे फार बरं करतेस. फोनवर मला अर्धं ऐकू येतं, उरलेलं अर्धं मी मनाने भरतो आणि मग खातून माझं डोकं खाते.

आम्ही बरे आहोत. खातूनचे गुडघे पाऊस असेपर्यंत कुरकुरणारच. शेहजादचं एकच टुमणं चाललंय, अब्बा, आता रंगाची भट्टी बंद करा, रेडिमेड ओढण्यांचं दुकान टाकू. मी म्हटलं, टाक, पण गिऱ्हाईक ब्लाऊजपीस घेऊन आलं की त्याला जुळता रंग कोण दाखवणार? तुझा मोबाइल? परवाच एक बाई साडीचा काठ घेऊन आल्या. चार दुकानं हिंडून दमल्या होत्या. मी काठ दारात उजेडाला धरला आणि सांगितलं, बाई, हा लाल नाही, लालात जरासं जांभळं आहे. एका बुडीत रंग जुळवून दिला. माझ्यासमोर शंभर तांबडे ओळीने मांड, मी शंभर वेगळे करून दाखवतो. एवढी एकच विद्या अल्लाने दिली, बाकी आनंद आहे.

जीवरामबापूंचं वाचून वाईट वाटलं. तुझे सासरे म्हणजे दणकट माणूस. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तरी डगमगले नाहीत, जळगावला सात आठवडे लाइट, म्हणजे रेडिएशन, घेतली, तेही उभ्या उन्हाळ्यात. आणि आता गाठ गेली तरी लघवीची आग जात नाही, दर तासाला उठावं लागतं, हे आपल्याला पाठ आहे. आबांचं असंच झालं होतं.

तू पळसाची फुलं मागितली आहेस. आबांना त्यांनी उतार पडला होता, म्हणून बापूंसाठी पाठवा असं लिहिलंयस. माय, फुलं फाल्गुनात येतात. यंदा गोळा करायचं राहूनच गेलं आणि जुनी होती त्यांना कीड लागली. तेव्हा ते जमेलसं दिसत नाही. जळगावच्या डॉक्टरांनाच विचार. त्यांच्याकडे आता नवी नवी औषधं असतात.

शेवटी तू पुन्हा तेच लिहिलंस, की गेल्या वर्षी ऑगस्टची आबांची तपासणी चुकवली नसती तर आबा आज असते. पोराला टायफॉइड झाला होता, तू तरी काय करणार होतीस. असं मनाला लावून घेऊ नये.

प्रेमरावांना, म्हणजे आपल्या प्रेमराजला, माझा सलाम सांग. रेल्वेची ड्युटी सांभाळून बापाचं करतो, असा मुलगा मिळायला नशीब लागतं.

तुझा,
कादरचाचा


धुळे,
२८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. सारिका, आशीर्वाद.

नवरात्र चालू आहे, त्यामुळे दुकानात मरायला फुरसत नाही. नऊ दिवसांचे नऊ रंग कुणी काढले देव जाणे, पण त्याने आमच्यासारख्यांची भट्टी तेवती ठेवली. कालच्यासारखा रोज राखाडीचाच दिवस असता तर बरं झालं असतं, सगळ्या ओढण्या घमेल्यातल्या राखेत बुडवून दिल्या असत्या. हे खातूनला ऐकवलं, ती हसली नाही.

तुझं पत्र आणि पार्सल दोन्ही मिळालं. पार्सल एसटीने पाठवलंस, ते दुकानातल्या अतिकने स्टँडवरून आणून दिलं. अजून उघडलेलं नाही. वरच्या फळीवर ठेवलंय.

तू लिहितेस, रावेरच्या तुझ्या मैत्रिणीने सातपुड्यातली वाळवलेली फुलं दिली, आठ दिवस झाले बापू काढा घेताहेत, आग कमी आहे, किती उकळायची ते नीट सांगा. म्हणजे मी नाही म्हटलं तरी तू मिळवलीस. बापावरच गेली आहेस.

आता विचारलंच आहेस तर सांगतो. ही काही वैद्यकी नाही. माझे अब्बा टेसूचा, म्हणजे पळसफुलांचा, पिवळा रंग काढायचे. फुलं उकळून रंग गाळून घेतला की खाली चोथा राहतो. तो आमच्याकडे टाकत नसत. गल्लीत कुणाची लघवी अडली, कुणाला जळजळ असली, की घरची बाई वाडगं घेऊन यायची आणि गरम चोथा फडक्यात बांधून न्यायची. ओटीपोटावर शेक द्यायचा. पातळ काढा कपभर प्यायचा. रंगाऱ्याने त्याचं काही घ्यायचं नाही आणि नेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत, एवढाच नेम. आबा लाइट संपवून धुळ्याला परतले तेव्हा फाल्गुन होता, लळिंगच्या बाजूला पळस फुलला होता. मीच त्याला म्हटलं, झुलाल, डॉक्टरचं औषध घे, वर हेही घेऊन बघ. सात-आठ वेळा उठायचा तो चारवर आला. चहा प्यायला दुकानात यायला लागला. तो गुण फुलांचा होता की दिवस गेल्यामुळे आपोआप आला, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही.

पण सारिका, एक गोष्ट माझ्यासाठी कर. बापू जे काही घेतात ते डॉक्टरांना सांग. आबांनी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही घेता का? तर हा म्हणाला, चहा. बाहेर येऊन मला सांगताना खो खो हसला. मीही हसलो.

आणि फुलांनी लघवीला रंग येतो असं कुणी म्हणालं तर त्यावर विसंबू नकोस. येतही असेल. पण विसंबू नकोस.

धोतरांबद्दल तू लिहिलंयस ते वाचलं. बापूंना डागांची लाज वाटते, नातवंडांसमोर बसत नाहीत, म्हणून आबांची चार धोतरं कथ्थई रंगवली होती तशी त्यांचीही रंगवून द्या. आबांच्या कपाटात ती धोतरं तुला सापडली तेव्हाच तुझ्या लक्षात आलं की हा हात माझा. तुझी नजरही काही कमी नाही. सवड झाली की बघतो.

बाकी ठीक. खातूनने तुझ्यासाठी लिंबाचं लोणचं घातलंय. जाता-येता कुणी असलं की पाठवीन.

तुझा,
कादरचाचा


धुळे,
४ ऑक्टोबर २०२५

सारिका,

काल शेहजादच्या अरिबाने फोन लावून दिला आणि मी प्रेमराजला सांगितलं की बापूंना आजच्या आज डॉक्टरकडे ने, उद्यावर टाकू नको. तो भला माणूस, कारण न विचारता हो म्हणाला. मग फोन तू घेतलास आणि मी एवढंच सांगितलं, एका धोतरावरचा डाग बरा नाही. तू काय विचारलंस ते माझ्या या फुटक्या कानांनाही स्पष्ट ऐकू आलं. तू विचारलंस, चाचा, धुळ्यात बसून, नुसत्या एका डागावरून तुम्हाला कसं कळलं?

मी म्हटलं, ऐकू येत नाही, पत्र लिहितो. ऐकू आलं होतं.

काल दुपारी पार्सल उघडलं. चार धोतरं, तू स्वच्छ घड्या घालून पाठवलेली. तीन नुसती पिवळसर होती. चौथ्याला मागच्या बाजूला आठ आण्याच्या नाण्याएवढा डाग होता, धुतलेला, फिकट. तुला तो फुलांचा वाटला असणार. मी तो दारात उजेडाला धरला. टेसूचा रंग कच्चा असतो, बेटा. पिवळा असतो, सोड्याने केशरी होतो, पण तांबडा कधीच होत नाही, आणि दोन उन्हं लागली की उडून जातो. हा उडाला नव्हता. कडेने काळपट होऊन बसला होता. कुणीतरी गरम पाण्यात धुतलं की रक्त असंच बसतं. मला पुन्हा बघावं लागलं नाही. पन्नास वर्षं तेच केलंय.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मला कळलं, कारण हा डाग मी आधी पाहिलेला होता. तुझ्या बापाच्या धोतरावर. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये.

तो दुकानात आला तेव्हा पिशवीत धोतर घेऊन आला. बाकावर बसला, चहा प्यायला, इकडचं तिकडचं बोलला. मग धोतर काढून माझ्यासमोर पसरलं आणि डागाचं पळसफुलांवर ढकलत म्हणाला, "कादर, हाऊ पयसना रंग शे ना रे?"

मी बघितलं. माझ्या मांडीवर ते होतं, दारातून ऊन येत होतं. मला बघायला एक क्षणही लागला नाही.

तो म्हणाला, "तू रंगारी शे. तुले समजस."

मी म्हणालो, "पयसनाच शे. उतरी जाई."

सारिका, त्या वेळी फुलं संपून दोन महिने झाले होते. पाऊस लागायच्या आधी शेवटची मूठ मीच त्याला दिली होती. डबा रिकामा आहे हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. दोघे शहाणे म्हातारे समोरासमोर बसून एकमेकांना न प्यायलेल्या काढ्याचा रंग सांगत होतो.

त्याला माझ्याकडून खरं काय ते हवं नव्हतं, हे मी ओळखलं होतं. खरं त्याला माहीत होतं. त्याला ते माझ्या तोंडून खोटं करून हवं होतं, कारण धुळ्यात रंगाच्या बाबतीत माझ्या शब्दापुढे कुणाचा शब्द नाही. मी म्हटलं की रंग, म्हणजे रंग. माझ्या त्या विद्येचा मला किती ताठा आहे तो बारा तारखेच्या पत्रात तू वाचलासच. लिहिताना लाज कशी वाटली नाही कोण जाणे.

तो हॉस्पिटलला का घाबरत होता, हे त्याने तुला कधी सांगितलं नसेल. मरणाला तो घाबरत नव्हता. लाइट घ्यायला जाताना लघवी तुंबवून टेबलावर झोपावं लागायचं. कंबरेखालचं उघडं, आणि समोर तुझ्याहून लहान पोरी. दोनदा त्याला धरवलं नाही. त्या पोरी रागावल्या नाहीत, काका, असू द्या म्हणाल्या, तेच त्याला जास्त लागलं. आणि एके दिवशी जळगावच्या एसटी स्टँडवर, तुझ्या घरी भुसावळला परतायची गाडी यायच्या आधी, त्याचं धोतर भिजलं. तू त्याला आडोशाला नेलंस, तुझी शाल त्याला गुंडाळलीस आणि नळावर ते धोतर धुतलंस. तुझ्या बाजूने ही गोष्ट तिथेच संपली असेल. त्याने मला सांगितली तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीकडे तोंड करून बोलत होता. "पोरले आते मन्हं धोतर धोवाले लावानं नई," म्हणाला. तुझी आई भिकुबाई असती तर गोष्ट वेगळी होती, पण ती जाऊन बारा वर्षं झाली होती.

तो उभा जन्म नोकरीत खाकी आणि घरी पांढरं नेसला. त्याच्या पांढऱ्या धोतराची आम्ही थट्टा करायचो, की पोस्टाने तुला पांढरा कागद दिला आणि तू तो नेसलास. त्या माणसाने ऑगस्टमध्ये आठ दिवसांनी पुन्हा येऊन माझ्या काउंटरवर चार धोतरं ठेवली आणि म्हणाला, कथ्थई कर. कथ्थईत काही दिसत नाही.

मी रंगवली, सारिका.

विचारलं नाही, अडवलं नाही. पुडीचा रंगसुद्धा वापरला नाही. अब्बांच्या पद्धतीने, कात उकळून, तुरटी घालून, दोनदा बुडवून, पक्का रंग दिला. कधी उतरू नये असा. मित्राचं काम म्हणून मन लावून केलं. तो खूश झाला. उन्हात वाळत घातलेली ती चार धोतरं बघून खातून मला म्हणाली, झुलालभाऊंना हे काय सुचलं? मी म्हटलं, म्हातारपणी मळखाऊ बरं. तेच मी तुलाही सांगितलं, तेराव्याला तू कपाट उघडून विचारलंस तेव्हा.

अजून एक राहिलं. तू तपासणीच्या तारखेसाठी फोन केलास, पोरगा तापात आहे, पण आबा, मी कसंही करून येते म्हणालीस, तेव्हा तो माझ्या दुकानात होता. तो म्हणाला, येऊ नको, मी ठणठणीत शे. तुला खरं वाटेना, म्हणून त्याने फोन माझ्याकडे दिला. आठवतं का तुला? तू म्हणालीस, चाचा, तुम्ही सांगा, आबा खरंच बरे आहेत ना? आणि मी म्हणालो, अगदी बरे आहेत, समोर बसून भजी खाताहेत. भजी खरी होती. त्या फोनवर मला तुझा शब्द न् शब्द ऐकू आला होता.

मग डिसेंबर. सकाळी तो माझ्या पायरीवर बसला तो उठेना. लघवी बंद, पोट दगडासारखं. तो चार महिन्यांत किती उतरला होता ते मला तेव्हा दिसलं, म्हणजे दिसत होतं रोज, मी बघितलं तेव्हा. शेहजादने गाडी काढली. हॉस्पिटलात नळी घातली तेव्हा रक्ताच्या गाठीच गाठी आल्या. तू भुसावळहून पोचलीस. डॉक्टर तुला म्हणाले की हे महिनोन्महिने चाललेलं असणार, लाइटनंतर काहींना आतून असं रक्त येतं, आधी आणलं असतं तर थांबवता आलं असतं. तू म्हणालीस, मला माहीतच नव्हतं. मी तुझ्या मागे दोन हातांवर उभा होतो. मला माहीत होतं. 

तिसऱ्या दिवशी तो गेला. जायच्या आदल्या दिवशी शुद्धीवर होता, मला म्हणाला, "कादर, तुन्हा रंग पक्का निंघना." रंग पक्का निघाला, हे ऐकून नर्सला वाटलं बरळतोय. तो बरळत नव्हता. हसतही नव्हता आणि रागावलेलाही नव्हता. मी त्या वाक्याचा अर्थ दहा महिने लावतोय.

आणि मग त्या दहा महिन्यांत तू मला चार पत्रं लिहिलीस, प्रत्येकात एकच, मी तारीख चुकवली, मी आबांना घालवलं. आणि मी प्रत्येक वेळी मोठ्या मनाने लिहीत आलो, मनाला लावून घेऊ नये. तुझ्या डोक्यावरचं ओझं माझं आहे हे मला ठाऊक होतं आणि मी तुला ते वाहू दिलं. बापासाठी रडणाऱ्या पोरीला मी तिच्याच नावाचा गुन्हा दिला आणि वर तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माय, झुलाल गेला त्याचं दुःख मी सोसीन, ते माझं आहे, त्याच्याबरोबर शाळेपासून साठ वर्षं काढली. पण हे मला सोसवत नाही.

तू तारीख चुकवली नाहीस. ती आम्ही दोघांनी चुकवली. त्याने लाजेपायी आणि मी त्याला दुखवायचं नाही म्हणून. प्रेम होतं म्हणायला जीभ वळत नाही, पण दुसरं काय होतं तेही मला सापडत नाही. त्याला त्या दिवशी दुखवलं असतं, दोन शिव्या घातल्या असत्या, हात धरून गाडीत बसवलं असतं, तर तो महिनाभर माझ्याशी बोलला नसता. एवढंच झालं असतं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून कुणाची सकाळ थांबली आहे?

बारा तारखेच्या पत्रात मी तुला आणखी एक खोटं लिहिलं. फुलं आहेत. यंदाच्या फाल्गुनातही मी लळिंगच्या बाजूला गेलो आणि पिशवी भरून आणली. कुणासाठी आणली ते विचारू नकोस, मलाच माहीत नाही. सवयीने पाय गेले. डबा माळ्यावर आहे. त्या फुलांचा काही दोष नाही, त्याला त्यांनी सुख दिलं होतं. पण माझ्या हातून ती आता कुणाच्या पोटात जाणार नाहीत. फक्त कापडाला वापरीन.

काल संध्याकाळी प्रेमराजचा फोन आला. अरिबाने मला ओरडून सांगितलं, की डॉक्टरांनी बापूंना ठेवून घेतलंय, दुर्बिणीने आत बघणार आहेत, वेळेत आलात म्हणाले. हे ऐकून मी भट्टीपाशी बसलो आणि रडलो. बापूंसाठी रडलो असं खातूनला वाटलं. तिला मी तू वाचशील त्यानंतर सांगणार आहे. आधी तू.

बापूंना एवढंच सांग की लाजू नका. पांढरंच नेसा. डाग पडला तर पडू दे, घरातल्यांना दिसू दे. ते घरच्यांना दिसलं नाही की काय होतं ते मी बघितलंय. आणि नळावर तू धुतलेलं ते धोतर, सारिका, ते तुझ्या बापाने रंगवायला दिलं नव्हतं. ते पाचवं. ते पांढरंच त्याच्या उशाखाली होतं, मी त्याचं अंथरूण काढलं तेव्हा सापडलं. मी ते तुला द्यायला हवं होतं. देण्याचा धीर झाला नाही, कारण दिलं असतं तर बाकीच्यांचं सांगावं लागलं असतं. ते माझ्याकडे आहे. तू म्हणशील तेव्हा आणून देईन. मला दारात उभं करायचं नसेल तर प्रेमराजला पाठव.

डिसेंबरात झुलालचं वर्षश्राद्ध. दरवर्षी भिकुबाईच्या पानाला मी बसायचो, तुझ्या घरच्यांनी कधी रंगरेजाला वेगळं बसवलं नाही. यंदा तू बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तर मी समजून घेईन, आणि तुझ्याकडे कुणाची रदबदली करणार नाही. माफी मागत नाही. ती झुलालकडे मागायची आहे, ती जागा आता लांब नाही. तुझ्याकडे एवढंच मागणं, की आजपासून ती ऑगस्टची तारीख तुझ्या नावावरून काढून टाक.

इतकी वर्षं पत्राखाली मी स्वतःला तुझा चाचा म्हणवून घेत आलो. आता ते तू ठरव.

कादर

सोबत : जीवरामबापूंची धोतरं, चार. न रंगवता.